अजून एक वर्ष राहाल का? परदेशी तळावरच्या सैनिक-कुटुंबांची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, "तुमच्या या सगळ्या युद्धांच्या इतिहासात सैनिकांच्या बायका कुठे असतात हो?" तेव्हा वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो. घरी गेल्यावर ते उत्तर आमचं आम्हालाच पटेना. म्हणून आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर.

प्रश्न आपण थोडा नेमका करून घेऊ. सरकार सैनिकाला हुकूम देऊन सातासमुद्रापार पाठवू शकतं. त्याच्या बायकोला आणि मुलांना मात्र असा हुकूम देता येत नाही. आणि अनुभव असा, की परदेशी तळावर माणूस किती दिवस टिकतो हे पुष्कळदा त्याच्या वरिष्ठापेक्षा त्याच्या घरावर ठरतं. मग कुटुंबाने परदेशात जास्त काळ राहावं म्हणून सैन्याने काय काय केलं? त्यातलं काय चाललं, काय फसलं? आणि त्याची किंमत कोणी मोजली? याचं सगळ्यात भरघोस उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकी फौज. आज मुख्यतः तिच्याबद्दल बोलू.

पण सुरुवात आपल्या दारातून करू, कारण हा प्रश्न अमेरिकेने शोधलेला नाही.

पुण्याचा कॅम्प, खडकी, देवळाली, नागपूरजवळची कामठी ही नावं आपण रोज घेतो. एकोणिसाव्या शतकात तिथे गोऱ्या पलटणी होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने ही सगळी परदेशी पोस्टिंगच होती. ब्रिटिश सैन्याचा नियम असा, की दर शंभर शिपायांमागे ठरावीक बायकांनाच सरकारी खर्चाने बरोबर नेता येई. लढाईवर जाताना शंभरामागे साधारण सहा, हिंदुस्थानला येताना बारा. बाकीच्यांचं काय? जुन्या काळी चिठ्ठ्या टाकत. एका चिठ्ठीवर 'जायचं', दुसरीवर 'राहायचं'. 'राहायचं' निघालं की नवरा बोटीवर आणि बायको धक्क्यावर. नवऱ्याची नोकरी लांबलचक असल्यामुळे ती ताटातूट अनेकदा कायमचीच ठरे.

आणि जिला 'जायचं' निघालं, तिचं काय? छावणीत तिचं अस्तित्व नवऱ्याच्या नावावर होतं. नवरा पटकीने गेला तर काही महिन्यांत तिचा शिधा बंद होई, म्हणून विधवा महिना-दोन महिन्यांत पलटणीतल्याच दुसऱ्या शिपायाशी लग्न करून मोकळ्या होत. आपल्याला हे विचित्र वाटतं. पण यात प्रेम किती आणि शिधा किती, हे आपण इथे बसून ठरवू नये.

पुढे १८७० मध्ये इंग्लंडने अल्पमुदतीची भरती सुरू केली. बारा वर्षांची नोकरी, त्यातली सहा प्रत्यक्ष पलटणीत आणि बाकी राखीव. इंग्लंडला ते सोयीचं होतं. पण हिंदुस्थानातल्या पलटणींत माणसं लवकर लवकर बदलू लागली. म्हणजे जास्त बोटी, जास्त प्रवास, आणि नवशिक्यांचं जास्त शिक्षण. हा खर्च कोणाच्या माथी? हिंदुस्थानच्या. दादाभाई नौरोजी ज्या वेल्बी आयोगाचे सदस्य होते, त्याच्यासमोर १८९७ मध्ये आपले गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा साक्षीला गेले, तेव्हा वाढता लष्करी खर्च हा त्यांच्या तक्रारींतला एक मोठा मुद्दा होता. एवढं लक्षात ठेवा: सैनिकाची मुदत छोटी झाली की बिल वाढतं, आणि ते बिल कुणीतरी भरतंच. देवळालीच्या छावणीत मायदेशाच्या बोटीची वाट पाहत कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत डोकं फिरण्याला 'डूलाली' हा शब्द आला, हे तुम्हाला ठाऊक असेल. मुदत संपलेली, बोट आलेली नाही, आणि मधल्या काळात माणूस कुठलाच नाही!

आता आपण १९४५ मध्ये येऊ, आणि युरोपात जाऊ.

मे १९४५. जर्मनी शरण आलेली आहे. अमेरिकेचे लाखो सैनिक युरोपात आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न, घरी कधी? सैन्याने गुणांची पद्धत काढली. नोकरीच्या दर महिन्याला एक गुण, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, पदकाला किंवा मोहिमेला पाच, आणि घरी मूल असेल तर दर मुलामागे बारा, जास्तीत जास्त तीन मुलांपर्यंत. ८५ गुण झाले की घरी. हिशेब करून पाहा. तीन मुलांच्या बापाला छत्तीस गुण नुसते मुलांचे. म्हणजे १९४५ मध्ये सैन्याच्या दृष्टीने मूल हे माणसाला घरी पाठवण्याचं कारण होतं. वर्षभरात हे गणित उलटं होणार होतं.

त्याच जूनमध्ये सर्वोच्च सेनापती आयसेनहॉवर यांनी वॉशिंग्टनला जनरल मार्शल यांना पत्र लिहिलं. मागणी अशी, की ताब्यातल्या जर्मनीत जे राहणार आहेत त्यांच्या बायकांना येऊ द्यावं. त्यात स्वतःची पत्नी मेमी यांचाही विषय होता. तीन वर्षं ते दोघं जवळजवळ वेगळे राहिले होते. मार्शल यांनी गोष्ट अध्यक्ष ट्रुमन यांच्या कानावर घातली आणि उत्तर नकाराचं आलं. सामान्य शिपायाच्या बायकोला जागा नसताना सेनापतीच्या बायकोला बोटीत जागा दिली तर लोक काय म्हणतील? नकार कठोर होता, पण त्यात न्याय होता असं आम्हाला वाटतं.

मग आला जानेवारी १९४६. घरी पाठवण्याचा वेग मंदावल्याची बातमी पसरली आणि मनिला, पॅरिस, फ्रँकफर्ट इथे अमेरिकी सैनिक रस्त्यावर आले. सैनिकांचे मोर्चे, विचार करा! इकडे अमेरिकेत बायकांनी 'बाबांना परत आणा' म्हणून मंडळं काढली. खासदारांच्या टपालात तान्ह्या मुलांचे इवलेसे बूट येऊन पडू लागले. आयसेनहॉवर आता सैन्यदलप्रमुख होऊन वॉशिंग्टनला आले होते. त्यांना बायकांच्या एका घोळक्याने संसदेच्या इमारतीत गाठलं आणि जाब विचारला.

सैन्यापुढे आता दोनच वाटा होत्या. माणसाला घरी न्या, नाहीतर घर माणसाकडे न्या. जर्मनी सोडून चालणार नव्हतं. म्हणून दुसरी वाट धरली गेली. २८ एप्रिल १९४६ या दिवशी 'थॉमस एच. बॅरी' नावाचं जहाज ब्रेमरहाफेन बंदराला लागलं. त्यात अमेरिकी सैनिकांच्या बायका आणि मुलं होती. पुढच्या काही महिन्यांत अशी जहाजं येतच राहिली, जपानकडेही गेली.

इथे जरा थांबू, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे. सैन्याला लवकरच कळलं की बायको आणली म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. राहायचं कुठे? शहरं बेचिराख झालेली. मग शाबूत राहिलेली जर्मन घरं ताब्यात घेतली गेली, आणि त्यातल्या जर्मन कुटुंबांना बाहेर काढलं गेलं. मुलांचं काय? ऑक्टोबर १९४६ मध्ये सैन्याने शाळा उघडल्या. दूध, किराणा, दवाखाना, चर्च, चित्रपटगृह, एकेक करून सगळं आलं. पुढे पन्नाशीच्या दशकात नव्या वसाहती बांधल्या गेल्या. कायझरस्लाउटर्नसारख्या गावांभोवती अक्षरशः छोटी अमेरिका उभी राहिली. ज्या जर्मन बाईचं घर गेलं, तिने समोरच्या रस्त्यावरून अमेरिकी बाईला पिशवीभर सामान नेताना पाहिलं असेल, तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? याची नोंद हिशेबाच्या वहीत होत नाही. पण आपण ती ठेवू.

आता यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. कुटुंबं आणली ती सैनिकाचं मन रमावं, त्याने मुदत पुरी करावी म्हणून. पण ती तिथे राहिली की तिचा राजकीय अर्थही होऊ लागला.

१९४८ चा वसंत. बर्लिनमध्ये सोव्हिएत रशियाशी ताण वाढतो आहे. बर्लिन तेव्हा सोव्हिएत विभागाच्या पोटात, चहूबाजूंनी वेढलेलं. वॉशिंग्टनहून विचारणा झाली की बायकामुलांना बाहेर काढावं का? तिथले अमेरिकी गव्हर्नर जनरल ल्युशियस क्ले यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की आपली कुटुंबं निघाली की जर्मन लोक समजतील आपणही निघालो, आणि युरोपभर घबराट होईल. जूनमध्ये नाकेबंदी सुरू झाली ती पुढच्या वर्षीच्या १२ मे पर्यंत चालली. शहराला पीठ आणि कोळसा विमानांनी पुरवला गेला. आणि अमेरिकी कुटुंबं बर्लिनमध्येच राहिली.

आता या गोष्टीकडे दोन बाजूंनी बघता येतं. एक, केवढा धीर! दुसरी, शाळेत जाणारी मुलं म्हणजे जणू खुंटा झाली. ती आहेत तोवर अमेरिका हलणार नाही, असं शत्रूला आणि मित्राला दोघांनाही सांगणारा खुंटा. आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. 'कुटुंबाने जास्त काळ राहावं' असं सरकार म्हणतं तेव्हा ते नेहमी फक्त कुटुंबाच्या सुखासाठी म्हणतं असं नाही, एवढं ध्यानात घ्यायचं.

पुढचा प्रसंग आमचा फार आवडता आहे, कारण त्यात इतिहास कसा उलटतो ते दिसतं. १९६० चा नोव्हेंबर. अध्यक्ष कोण? तेच आयसेनहॉवर, ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी बायकोसाठी पत्र लिहिलं होतं. अडचण वेगळीच आहे, सोन्याची. तेव्हा डॉलर सोन्याशी बांधलेला होता, एका औंसाला ३५ डॉलर. परदेशात खर्च झालेले डॉलर परत येऊन अमेरिकेचं सोनं मागत होते. परदेशात सैनिकांची बायकामुलं किती? जवळपास ४ लाख ८४ हजार. त्यांचं भाडं, भाजी, कपडे, सहली, सगळे डॉलर बाहेर. आयसेनहॉवर यांनी आदेश काढला की हा आकडा दर महिन्याला १५ हजारांनी कमी करत २ लाखांवर आणा.

विचार करा, ट्रंका भरून ठेवलेल्या, घर मोडून बसलेल्या बायकांवर काय आलं असेल! आणि जे आधीच तिकडे होते, ते म्हणाले, बायको येणार नसेल तर आम्ही तरी कशाला राहू? सेनाधिकाऱ्यांनी कळकळीने विरोध केला. जानेवारी १९६१ मध्ये केनेडी अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच त्यांनी तो आदेश मागे घेतला. सोनं वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा. सैनिकांना सांगा, परदेशी माल कमी घ्या. पण कुटुंबं परत पाठवू नका, कारण त्याने मनोधैर्य जातं आणि भरतीलाही फटका बसतो. दोन-अडीच महिन्यांत एका महासत्तेने आपला निर्णय फिरवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि शरदात नव्या कुटुंबांचं युरोपला जाणं पुन्हा काही महिने थांबवलं गेलं. म्हणजे एकाच वर्षात 'येऊ नका', 'या', 'थांबा'. ज्या बाईने या हिशेबावर मुलाचं शाळेतलं नाव काढलं किंवा घातलं असेल, तिला विचारा धोरणसातत्य म्हणजे काय ते.

इथवर सैन्यात सक्तीची भरती होती. पोरं यायची, दोन वर्षं काढायची, जायची. बहुतेक अविवाहित. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि सैन्य पूर्णपणे स्वेच्छेचं झालं. आता राहणारा सैनिक वर्षानुवर्षं राहणार, लग्न करणार. हळूहळू साधारण निम्मे सैनिक विवाहित झाले. सैन्यात एक जुनी म्हण होती, की तुला बायको असावी असं सैन्याला वाटत असतं तर बूट-कपड्यांबरोबर तीही दिली असती. ती म्हण आता परवडणारी नव्हती.

शिवाय डॉलर घसरला होता. साठीत एका डॉलरला चार जर्मन मार्क मिळत, १९७८ पर्यंत दोनाच्याही खाली आले. ज्या तरुण शिपायांची कुटुंबं सरकारी खर्चाने आलेली नव्हती, स्वतःच्या पैशाने येऊन जर्मन गावात भाड्याने राहत होती, त्यांचे हाल झाले. नवरा सरावाला, बायको वीस वर्षांची, हातात तान्हं मूल, भाषा येत नाही, गाडी नाही. अशा घरातून 'अजून एक वर्ष राहू' असं उत्तर कसं येणार?

मग सरकारने प्रलोभनं आखली. १९८० च्या सुमारास कायद्यात तरतूद आली, आणि आजही ती वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. ठरावीक कामांतल्या शिपायाने परदेशातली मुदत वर्षभराने वाढवली, तर त्याने यांतलं एक निवडावं: दरमहा ८० डॉलर जादा, किंवा एकरकमी २ हजार डॉलर, किंवा ३० दिवसांची जादा रजा, किंवा १५ दिवसांची रजा आणि मायदेशी जाण्यायेण्याचा प्रवासखर्च.

यावर जरा हिशेब करू. ८० डॉलर म्हणजे वर्षाला ९६०. चौघांच्या कुटुंबाला अटलांटिक ओलांडून जाऊन यायचं तर त्यात काय भागणार? तिकीट सैनिकाला मिळतं, पण आजीला नातवंडं कधी दिसणार हा प्रश्न घरात कायमच असतो. म्हणजे बक्षीस सैनिकाच्या हातात पडत होतं आणि निर्णय होत होता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. हे अंतर ज्या योजनेने ओळखलं ती चालली, जिने नाही ओळखलं ती कागदावर राहिली. उदाहरणार्थ, एक परदेशी मुदत संपवून लगेच दुसरी घेणाऱ्याला सरकार मधे कुटुंबासह घरी जाऊन येण्याचा खर्च देतं. इथे बक्षीस सगळ्या घराला मिळतं, आणि ही सवलत लोक जपून वापरतात.

१९८३ मध्ये सैन्यदलप्रमुख जनरल जॉन विकहॅम यांनी 'सैन्यातलं कुटुंब' या विषयावर एक श्वेतपत्रिका काढली. कुटुंबाची काळजी ही दयाबुद्धीने करायची गोष्ट नसून सैन्याच्या तयारीचा भाग आहे, असं त्यात अधिकृतपणे मांडलं गेलं. पुढचं वर्ष सैन्याने कुटुंबाचं वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून त्या वर्तुळात एक वाक्य फिरतं: भरती सैनिकाची होते, टिकवावं लागतं कुटुंबाला.

मग कुटुंबाला टिकवतं काय? आम्ही चार गोष्टी मोजतो.

पहिली शाळा. १९४६ मध्ये गडबडीत उघडलेल्या त्या शाळांची आज एक मोठी व्यवस्था झाली आहे, सुमारे १६० शाळा, अकरा परदेशांत आणि अमेरिकेत मिळून. २०२२ च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत चौथी आणि आठवीच्या वाचन-गणितात या शाळांची मुलं सगळ्या राज्यांच्या वर होती. आईबापाला यापेक्षा मोठं आमिष कोणतं?

दुसरी गोष्ट डॉक्टर. मुलाला काही विशेष आजार असेल, तर परदेशी तळावर त्याचा उपचार होतो का हे आधी तपासलं जातं, आणि होत नसेल तर कुटुंबाला पाठवतच नाहीत.

तिसरी, घराची हमी. क्वार्टर मिळणार की बाहेर भाड्याने, आणि भाडं चलनाबरोबर वाढलं तर भत्ता वाढणार की नाही.

आणि चौथी, जी सगळ्यात उशिरा लक्षात आली, ती म्हणजे जोडीदाराची नोकरी. एव्हाना सैनिक 'ती' आणि जोडीदार 'तो' अशीही पुष्कळ घरं झाली होती. परदेशात नोकरीला यजमान देशाचे नियम आड येतात, आणि नर्सचा किंवा शिक्षिकेचा परवाना एका राज्याचा दुसऱ्या राज्यातही बराच काळ सहजासहजी चालत नसे, मग परदेशाचं काय! अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या पाहण्यांत काम शोधणाऱ्या सैनिक-जोडीदारांपैकी साधारण पाचांतला एक बेकार निघतो, आणि वर्षानुवर्षं हा आकडा फारसा हललेला नाही. नवऱ्याला वर्षाला हजार-दोन हजार डॉलर जास्त मिळत असतील आणि बायकोचा अख्खा पगार बुडत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज कोण भरेल?

आता शेवटचा मोठा प्रयोग. त्यासाठी जर्मनीतून निघून दक्षिण कोरियात जाऊ.

१९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं, तह झालाच नाही. अमेरिकी फौज तिथे राहिली, आणि बहुतेकांची मुदत एकट्याने, बारा महिन्यांची. युद्धभूमीच ती! वर्षाने पलटणीतली जवळजवळ सगळी माणसं नवी. शेजारची टेकडी, शेजारचा अधिकारी, भाषेतले चार शब्द कळायला लागले की जायची वेळ. जर्मनीत कुटुंबासह तीन वर्षं, आणि इथे एकट्याने एक.

२००४ मध्ये सैन्याने पैशाचा रस्ता धरला. कोरियात एक वर्ष जास्त राहा, दरमहा ३०० डॉलर घ्या, आणखी राहिलात तर ४००. हजारोंनी सह्या केल्या. पण त्यात एकटे जास्त होते. कित्येकांची कुटुंबं मंजुरी नसताना स्वतःच्या खर्चाने येऊन तळाबाहेर राहत होती.

तेव्हा तिथले सेनापती जनरल बेल आणि नंतर जनरल शार्प यांनी मुद्दा मांडला की कोरिया आता १९५३ चा राहिलेला नाही. सोलमध्ये ऑलिंपिक होऊन गेलं, मेट्रो आहे, उत्तम इस्पितळं आहेत. मग इथेही जर्मनीसारखं करा. कुटुंबासह तीन वर्षं. २००८ च्या अखेरीस संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांच्या खात्याने ते मान्य केलं. जी गोष्ट युरोपात साठ वर्षांपूर्वी झाली, ती आता आशियात होणार, असं सगळ्यांना वाटलं.

झाली का? २०११ च्या मे महिन्यात अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाचा अहवाल आला. हजारो कुटुंबं आणायची म्हणजे घरं, शाळा, दवाखाने. २०२० पर्यंत ५ अब्ज डॉलर, २०५० पर्यंत २२ अब्ज किंवा त्याहून जास्त. आणि यातून नेमका फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, याचा नीट अभ्यासच झालेला नव्हता. मॅकेन, लेव्हिन, वेब अशा दोन्ही पक्षांच्या वजनदार सिनेटरांनी ही योजना थांबवा म्हटलं. त्या वर्षअखेरच्या कायद्याने पैसे अडवले, आणि योजना बारगळली.

म्हणजे पुन्हा तेच. कुटुंबाला बोलावायचं तर फक्त परवानगी देऊन भागत नाही, गाव वसवावं लागतं. गाव वसवायला पैसा लागतो. आणि जमीन लागते.

जमिनीबद्दल बोललंच पाहिजे. सोलच्या दक्षिणेला प्योंगथेक इथे 'कॅम्प हम्फ्रीज' नावाचा तळ आहे. विखुरलेले अमेरिकी तळ एकत्र करण्यासाठी त्याचा प्रचंड विस्तार झाला. खर्च १० अब्ज डॉलरच्या वर, आणि त्यातला फार मोठा वाटा कोरियन जनतेच्या करातून. २०१८ मध्ये मुख्यालय तिथे हललं. शाळा, इस्पितळ, उंच इमारती, खेळाची मैदानं, अमेरिकी कुटुंबाला हवं ते सगळं. त्या विस्तारासाठी तेचूरी नावाच्या गावाची भातशेती गेली. म्हातारे शेतकरी कित्येक महिने आंदोलन करत राहिले. ४ मे २००६ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात जमीन ताब्यात घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी शेवटची घरंही रिकामी झाली. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय हे कोयनेच्या लोकांना सांगायला नको. एका कुटुंबाच्या स्थैर्यासाठी दुसरं कुटुंब उठवलं गेलं. १९४६ मध्ये जर्मनीत झालं, ते साठ वर्षांनी कोरियात झालं. फरक एवढाच, की जर्मन हरलेले होते, आणि कोरियन तर दोस्त होते.

आणि ज्या दिवशी संकट येतं, त्या दिवशी काय होतं? मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा झाल्यावर हजारो अमेरिकी कुटुंबांना स्वेच्छेने परत जाण्याची सोय करून दिली गेली. मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या इंजिर्लिक तळावरच्या कुटुंबांना निघण्याचा आदेशच आला, कारण शेजारच्या सीरियातलं युद्ध दारापर्यंत आलं होतं. शाळेचं वर्ष अर्ध्यावर. तेव्हा 'जास्त राहा' म्हणणारं सरकारच एका रात्रीत 'निघा' म्हणू शकतं, हे प्रत्येक घराला माहीत असतं. विश्वास वाढवायला वर्षं लागतात ती यासाठीच.

आज काय चालू आहे, ते सांगून थांबतो. मे २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने एक आदेश काढला. बदल्यांवर वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर जातात, त्यातल्या ज्या बदल्या टाळता येण्याजोग्या आहेत त्यांचा खर्च २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणा. म्हणजे माणसांना एका ठिकाणी जास्त काळ ठेवा. कारण जुनंच आहे, पैसा. पण यावेळी कुटुंबाचं स्थैर्य हेही कारण म्हणून लिहिलं आहे. आपण १८७० चा हिशेब आठवू या. मुदत छोटी केली की बिल वाढतं, हे गोखल्यांच्या पिढीने तक्रार करून सांगितलं होतं. अमेरिकेला ते स्वतःच्या तिजोरीतून शिकायला लागलं.

मग या सगळ्याचं तात्पर्य काय? आम्हाला असं दिसतं. मुदतवाढ ही सैनिकाशी केलेली सौदेबाजी समजली, तर ती दरमहा ८० डॉलरांवर अडकते. ती घराशी केलेला करार समजली, शाळा टिकेल, डॉक्टर भेटेल, जोडीदाराला काम मिळेल, वर्षातून एकदा आजी दिसेल, आणि मधेच शब्द फिरवणार नाही, तर माणसं आपणहून राहतात. आणि त्या कराराला एक तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे ज्याच्या जमिनीवर हे घर उभं राहतं तो. त्याला न विचारता केलेला करार आज टिकेल, पण त्याचं देणं पुढच्या पिढीला फेडावं लागतं.

आपल्याकडे साताऱ्यातलं अपशिंगे मिलिटरी घ्या, किंवा इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे वडील फौजेत होते त्यांना विचारा. फॅमिली स्टेशन मिळालं की नाही, मिळालं तर मुलांना न्यायचं की गावातल्या शाळेतच ठेवायचं, हा निर्णय पत्रांतून आणि फोनवरून घेणाऱ्या बायका या महाराष्ट्रातही आहेत. त्यांनी घेतलेल्या निर्णयांवर सैन्यं चालली. मागच्या वेळी ज्या ताईंनी प्रश्न विचारला, त्यांना आमचं उत्तर आता देतो. बायका युद्धांच्या इतिहासात अगदी मध्यभागी होत्या. त्यांची नोंद मात्र भत्त्याच्या रकान्यात केली गेली.

प्रश्न असतील तर आता घेऊ.